भिंगरीचं गणित

नळीत घेतलेलं रक्त जोरात फिरवलं की ते आपले भाग स्वतःच वेगळे करून दाखवतं. जड तांबड्या पेशी तळाशी जाऊन बसतात, त्यांच्यावर पांढऱ्या पेशींची बारीकशी फिकट रेघ उमटते आणि सगळ्यात वर पिवळसर, नितळ प्लाझ्मा उरतो. तांबडा थर किती उंच आहे एवढं पाहिलं तरी रक्तक्षयाचा अंदाज बांधता येतो. हे काम करणारं सेंट्रिफ्यूज यंत्र कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये घरघरत असतं. अट एकच, वीज हवी.

स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक मनू प्रकाश २०१३ मध्ये युगांडात गेले, तेव्हा एका आरोग्य केंद्रात त्यांना हे यंत्र दिसलं ते चक्क दाराला टेकण म्हणून लावलेलं! विजेचाच पत्ता नाही म्हटल्यावर त्याच्या वजनाचा तरी उपयोग व्हावा, असा तो साधा हिशेब होता.

मग हाताने चालणाऱ्या स्वस्त साधनाचा शोध सुरू झाला. अंडी फेटायचं हातयंत्र आणि धुतलेल्या भाज्यांचं पाणी काढायची फिरती टोपली यांवर आधी इतरांनी प्रयोग केलेले होते, पण त्यांचा वेग फारच तोकडा पडत होता. नुकतीच पीएचडी संपवून प्रकाश यांच्या प्रयोगशाळेत आलेले साद भामला यांच्याकडे हे काम आलं. ते आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले रसायन अभियंते. त्यांनी खेळणी जमवली. यो-यो झाले, भोवरे झाले आणि एकदाची बटणाची भिंगरी हातात आली.

ही भिंगरी आपल्याकडेही पोरं पिढ्यान् पिढ्या करत आली आहेत. एखादं मोठं बटण किंवा सोड्याच्या बाटलीचं ठोकून सपाट केलेलं बूच घ्यायचं, दोन भोकांतून दोरा ओवून गाठ मारायची, दोन्ही टोकं बोटांत अडकवून पीळ भरायचा आणि ओढायचं. जगात हे खेळणं सुमारे पाच हजार वर्षांपासून आहे. भामला यांनी त्याच्यासमोर अतिवेगवान कॅमेरा लावला. मिनिटाला दहा ते पंधरा हजार फेरे! दोन बोटांच्या ओढीवर एक बटण प्रयोगशाळेतल्या यंत्राच्या पंक्तीला जाऊन बसलं होतं.

इथे थांबून नुसती बटणं विकता आली असती. पण भिंगरी इतकी का फिरते, हा प्रश्न भामला यांनी सोडला नाही. पदवीचं शिक्षण घेणारे विद्यार्थी हाताशी घेऊन त्यांनी भिंगरीचं गणित मांडलं. हात ओढतो, तेव्हा दोऱ्याचा पीळ उलगडतो आणि चकती वेग घेते. पीळ संपला तरी चकती थांबत नाही. तिच्या गतीमुळे दोरा उलट दिशेने वळतो, आणि पुरेसा वळला की स्वतःभोवतीच गुंडाळून दुहेरी पीळ धरतो. नेमक्या त्या वेळी हाताने पुन्हा ओढ दिली की प्रत्येक खेपेला नवी ऊर्जा आत जाते. तिला विरोध करतात हवा आणि दोऱ्याचा ताठपणा. ही सगळी बेरीज-वजाबाकी समीकरणात उतरली, तेव्हा चकती किती मोठी असावी, दोरा किती जाड आणि किती लांब असावा, हे चाचपडण्याऐवजी मोजून ठरवता येऊ लागलं.

त्यातून कागदाचं सेंट्रिफ्यूज जन्माला आलं, ‘पेपरफ्यूज’. पाणी न शोषणाऱ्या कागदाच्या चकत्या, मासेमारीची दोरी, धरायला दोन मुठी आणि रक्ताची केसासारखी बारीक नळी बसवायला शीतपेयाच्या स्ट्रॉचे तुकडे. वजन दोन ग्रॅम, खर्च वीस सेंट. छोट्या चकतीने मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांचा वेग गाठला. तेवढ्या वेगात गुरुत्वाकर्षणाच्या ३०,००० पट जोर तयार होतो. दीड मिनिटाच्या आत प्लाझ्मा वेगळा होतो. हिवतापाच्या बाबतीत तर आणखी गंमत आहे. परजीवी आत वाढलेली तांबडी पेशी निरोगी पेशीहून किंचित हलकी होते, त्यामुळे फिरवल्यावर अशा पेशी पांढऱ्या रेघेच्या जवळ येऊन गोळा होतात. अख्ख्या थेंबात शोधत बसण्याऐवजी पंधरा मिनिटांत त्या एका पट्ट्यात सापडतात. जानेवारी २०१७ मध्ये ‘नेचर बायोमेडिकल इंजिनिअरिंग’ या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झालं. लेखकांमध्ये भामला यांचं नाव पहिलं, प्रकाश यांचं शेवटचं आणि मधे विद्यार्थी.

कागदाची चकती निदान करत नाही, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. थर वेगळे झाले तरी त्यांतले परजीवी पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो आणि पाहणारा जाणता डोळाही. याच प्रयोगशाळेत जिम सायबल्स्की या पीएचडीच्या विद्यार्थ्याने प्रकाश यांच्यासोबत घडीच्या कागदाचा सूक्ष्मदर्शक, ‘फोल्डस्कोप’, आधीच घडवला होता. म्हणजे तपासणीची दोन्ही हत्यारं कागदाचीच!

पुढे भामला जॉर्जिया टेकमध्ये प्राध्यापक झाले आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गॅस पेटवायच्या लायटरकडे मोर्चा वळवला. त्यातल्या स्फटिकावर खटका आदळला की क्षणभर सुमारे २,००० व्होल्टचा दाब तयार होतो. जिवाणूंच्या आवरणात क्षणभर छिद्रं पाडून डीएनए आत सरकवायला एरवी महागडं यंत्र लागतं. ते काम त्यांनी या खटक्याकडून करून घेतलं. २०२० मध्ये जाहीर झालेल्या या ‘इलेक्ट्रोपेन’चा खर्च २३ सेंट होता, आणि तो पारखून पाहणाऱ्यांत जॉर्जियातली शाळकरी मुलंही होती. तरुण संशोधकांचं यश आपण पदव्या, पारितोषिकं आणि शोधनिबंधांच्या संख्येवरून जोखतो. या मंडळींची खरी कमाई वेगळी आहे: जी वस्तू सगळ्यांच्या हातात होती, तिच्याकडे त्यांनी मोजपट्टी घेऊन पाहिलं.