बुराओचा बाजार आणि दलालाची जबान

सोमालीलँडमधलं बुराओ गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. काळ्या तोंडाच्या पांढऱ्या मेंढ्या, शेळ्या आणि उंट इथे विकायला येतात. त्यातली कितीतरी जनावरं इथिओपियाच्या हद्दीतल्या हौद पठारावर चरून, सरहद्द ओलांडून आलेली असतात. इथून ती बर्बेरा बंदरात आणि तिथून जहाजाने अरबस्तानात जातात. हज आणि बकरी ईद जवळ आली की मागणी शिगेला पोचते.

हा व्यापार जुना आहे. 1839 साली इंग्रजांनी समोरच्या अरबी किनाऱ्यावरचं एडन घेतलं. एडनचा कारभार मुंबई इलाख्याकडे होता आणि तिथल्या फौजेसाठी मटण बर्बेराहून यायचं. 1991 मध्ये सोमालियाचं सरकार कोसळलं, सोमालीलँडने आपण वेगळं झाल्याचं जाहीर केलं. व्यापार मात्र थांबला नाही. 2014 साली सोमालिया आणि सोमालीलँड मिळून सुमारे 50 लाख जनावरं परदेशी गेली.

एवढी उलाढाल पेलणारा माणूस म्हणजे दलाल, आणि मला खिळवून ठेवतो तो हाच. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये तो उभा राहतो. कापडाखाली हातात हात जातात, बोटं दाबून आकडा सांगितला जातो. शेजारच्याला भाव कळत नाही. आपल्याकडच्या बैलबाजारांतही रुमालाखाली असेच सौदे होत आले आहेत. पण भाव जुळवून दलालाचं काम संपत नाही. जनावर चोरीचं नाही याची हमी त्याची. उद्या खरा मालक दावा सांगत आला, तर जाब त्यालाच द्यावा लागतो. मेंढपाळ कोणत्या कुळाचा, त्याला कोण ओळखतं, हे त्याला ठाऊक असतं. म्हणूनच माल उधारीवर पुढे जातो आणि पैसे नंतर पोचतात. हल्ली ते मोबाइलवरूनही येतात.

या ओळखीपाळखीला मर्यादाही आहेत. ज्याचं बाजारात कुणी नाही, त्याला आधी आधार शोधावा लागतो. इथिओपियाचं सरकार सरहद्द ओलांडून होणाऱ्या जनावरांच्या या वाहतुकीला चोरटा व्यापार मानतं. आणि रोगापुढे दलालाच्या शब्दाला काही किंमत उरत नाही. 1997-98 च्या अतिवृष्टीनंतर पूर्व आफ्रिकेत डासांमुळे पसरणारा रिफ्ट व्हॅली ताप आला आणि सौदी अरबस्तानने आयात थांबवली. 2000 साली पुन्हा घातलेली बंदी 2009 पर्यंत टिकली. व्यापाऱ्यांनी येमेनचा आडमार्ग धरला, पण पडलेल्या भावाचा फटका शेवटी मेंढपाळालाच बसला. 2016 च्या अखेरीस पुन्हा बंदी आली, तीही भीषण दुष्काळात, कळपच्या कळप मरत असताना.

विश्वास कसा सांभाळायचा हे बुराओच्या दलालांना बाहेरून कुणी शिकवायची गरज नाही. तिथे कमी आहेत ते पशुवैद्य, लशी आणि परदेशात ग्राह्य धरला जाईल असा तपासणीचा दाखला. सरकारांनी आणि मदत संस्थांनी पैसा आधी तिथे घालावा.