लॅपटॉप अपग्रेड करताय? आधी एक पेनड्राइव्ह तयार ठेवा

इंदूरला माझ्या मामाचं दुकान आहे. एका रविवारी त्याने लॅपटॉपवर विंडोज 11 चं अपग्रेड सुरू केलं आणि जेवायला बसला. मध्येच लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी तर कधीचीच गेलेली! नंतर लॅपटॉप सुरूच होईना. फोटो फोनमध्ये होते, पण सहा वर्षांचा हिशोब आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर? मामी म्हणाली, "दुकान उघडं आणि गल्ल्याची किल्ली विहिरीत!" दुरुस्तीवाल्याने हिशोब वाचवला, पण सगळं पुन्हा बसवण्यात आठवडा गेला.

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. त्यामुळे हे अपग्रेड आता घरोघरी चाललंय. "माझा बॅकअप आहे" असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा फक्त फोटो आणि फाइल्स कॉपी केलेल्या असतात. त्यावरून बंद पडलेला लॅपटॉप सुरू होत नाही. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: लॅपटॉप सुरू करून देणारा पेनड्राइव्ह आणि संपूर्ण सिस्टिमची प्रत.

पेनड्राइव्ह सोपा आहे. 32 जीबीचा रिकामा घ्या, कारण त्यावरचं सगळं पुसलं जातं. सर्चमध्ये 'रिकव्हरी ड्राइव्ह' इंग्रजीत टाइप करा आणि स्क्रीनवर सांगतील तसं करत जा. सिस्टिमच्या प्रतीसाठी एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडा. कंट्रोल पॅनेलमध्ये 'बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज 7)' उघडा. नावातल्या 7 कडे लक्ष देऊ नका, ते विंडोज 10 मध्येही चालतं. तिथे 'क्रिएट अ सिस्टिम इमेज' निवडा. वेळ लागतो, रात्री लावून झोपलात तरी चालेल. डिस्कवर तयार झालेल्या फोल्डरचं नाव मात्र बदलू नका, नाहीतर विंडोजला ती प्रत सापडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच सगळे टाळतात. अपग्रेडच्या आधी पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप खरंच सुरू होतो का ते पाहा. सुरू करताना डेल किंवा लिनोव्होवर सहसा एफ12 आणि एचपीवर एफ9 दाबलं की पेनड्राइव्ह निवडता येतो. 'ट्रबलशूट' दिसलं की झालं, तिथूनच बंद करा. काही लॅपटॉप इथे 48 आकडी बिटलॉकर की मागतात. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असू शकते. आधीच वहीत लिहून ठेवा. लॅपटॉपमध्येच सेव्ह केलीत तर कपाटाची चावी कपाटातच!

एक लक्षात असू द्या. ही प्रत परत टाकली की लॅपटॉप प्रत घेतलेल्या दिवसावर जातो, त्यानंतरचं काम पुसलं जातं. म्हणून महत्त्वाच्या फाइल्स वेगळ्याही कॉपी करा.

अपग्रेडनंतर जुन्या विंडोजवर परत जायची सोय साधारण 10 दिवसच असते. प्रिंटर चालत नाही, बिल निघत नाही हे कधीकधी महिनाअखेरीलाच कळतं. तेव्हा ती हार्ड डिस्क लग्नाचे व्हिडिओ भरायला लगेच कुणाला देऊ नका.