कपाळावरचा उजेड

यवतमाळ जिल्हा म्हटलं की आपल्याला आठवतो तो कापूस. पण याच जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात जमिनीखाली कोळसा आहे. निळजई, उकणी, घोन्सा इथल्या खाणी उघड्या. तिथले डंपर, कोळशाचे थर निदान दिसतात तरी. भूमिगत खाणीतलं काम मात्र बाहेरच्या कुणालाच दिसत नाही. अगदी तिथे राबणाऱ्यांच्या बायकांनाही नाही! म्हणूनच मला ते कॅमेऱ्यात पकडायचं होतं.

वणीजवळच्या एका खाणीत परवानगी मिळाली, पण अटी घालूनच. कोळशातून मिथेन वायू निघतो. हवेत तो पाच ते पंधरा टक्के झाला, तर एक ठिणगी पुरते. त्यामुळे बिडी-काडेपेटी बाहेर, मोबाईल बाहेर आणि फ्लॅश तर नाहीच नाही. गॅस तपासून झाल्यावर, ताज्या हवेच्या वाटेवरच्या एका ठरावीक जागी कॅमेरा लावायचा, बस्स. डोक्यावर हेल्मेट, त्यावर दिवा, कमरेला बॅटरी अशा थाटात मी उताराने खाली निघाले. शंभरेक पावलांत मागचा उजेड मिटला.

आता फोटो काढायचा कशाच्या उजेडात? कामगारांच्या कपाळावरच्या दिव्यांच्या! जिकडे त्यांची नजर, तिकडेच उजेड. बाकी सगळा काळोख. तिपाईवर कॅमेरा ठेवून शटर दोन-तीन सेकंद उघडं ठेवावं लागे. तेवढ्यात छताला टेकू देणारे हात हलत आणि माणसं धुरकट उमटत. स्पष्ट येई ते फक्त छत. आणि एक माणूस, तो म्हणजे सरदार. सुरक्षा बघणाऱ्याला खाणीत सरदार म्हणतात. ते काठीने छत ठोकायचे आणि कान देऊन स्तब्ध उभे राहायचे. खणखणीत आवाज आला तर छत पक्कं, पोकळ आला तर दगड सुटलेला. "लाकडी टेकू मोडायच्या आधी करकरतो, म्हणून तो भला," असंही त्यांनी सांगितलं.

खाण म्हणजे पुरुषांचंच राज्य, असं आपण समजतो. पण पूर्वी बायकाही खाली उतरत. १९२९ च्या नियमांनी त्यांना टप्प्याटप्प्याने बाहेर काढायचं ठरलं. महायुद्धात कोळसा कमी पडू लागला तशी १९४३ मध्ये बंदी उठली. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. खाली उतरणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी, हे तत्त्व त्यांनी कायदेमंडळात ठासून मांडलं. १९४६ मध्ये बंदी परत आली, १९५२ च्या खाण कायद्यातही राहिली. २०१९ मध्ये तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांपुरतं दार किलकिलं झालं. मधल्या एवढ्या वर्षांत घरच्या बाईला खाण माहीत होती ती धुण्यातल्या काळ्या पाण्यापुरती आणि पाळी सुटायला उशीर झाला की पोटात पडणाऱ्या गोळ्यापुरती.

फोटोंच्या प्रती घेऊन मी कामगारांच्या वस्तीत गेले. बायका गोळा झाल्या. मला वाटलं, आपापला नवरा शोधतील, हसतील. शोधलंही. "हे हातच दिसून राह्यले, तोंड कुठी हाय?" म्हणून एकीने चिडवलंही. पण मग सगळ्यांची नजर वर गेली, छताकडे. बराच वेळ कुणी बोललं नाही.

"मले वाटे, अंदर मोठमोठे लाइट असन," एक मावशी हळूच म्हणाल्या. "हे वरचं एवढं खाली हाय?"

त्यांच्या घरी पंचवीस वर्षं रोज पहाटे डबा भरला जात होता. तो कुठे उघडला जातो, हे त्या आज पाहत होत्या. एक फोटो ठेवून घ्या, असं मी म्हटलं. नवऱ्याचा निवडतील असं वाटलं होतं. त्यांनी उचलला तो छताला काठी लावून, मान तिरकी करून ऐकणाऱ्या सरदारांचा.

"याह्यच्या कानाच्या भरवशावर तर रायतो आमी," त्या म्हणाल्या आणि फोटो पदराने पुसून घेतला.