तुरा न फुटलेले कोंबडे

पिल्लं लहान असतात तेव्हा त्यातला कोंबडा कुठला आणि कोंबडी कुठली, हे ओळखायला जाणकार माणूस लागतो. सगळीच पिवळी, मऊ आणि पायात पायात येणारी. काही आठवडे गेले की फरक दिसू लागतो. काहींच्या डोक्यावर लालभडक तुरा वाढतो, चोचीखाली लाल पदर लोंबायला लागतात, आणि एके पहाटे त्यातला एखादा फाटक्या आवाजात आरवून बघतो. बाकीच्यांच्या होतात तलंगा, आणि पुढे त्या अंडी घालतात.

तुऱ्याला ‘वाढ’ असं कोण सांगतं? सांगणारा असतो पोटात. कोंबड्याची वृषणं बाहेरून दिसत नाहीत, ती आत पाठीच्या कण्याजवळ असतात. तिथे टेस्टोस्टेरॉन नावाचं हार्मोन तयार होतं. ते रक्तातून फिरत फिरत डोक्यापर्यंत पोचतं आणि तिथल्या पेशींना कामाला लावतं. (शाळेच्या पुस्तकात हार्मोनला संप्रेरक म्हटलेलं असेल.)

१९५० साली अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठातल्या बर्लिंग्टन आणि लिंडमन या दोन शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी पांढऱ्या लेगहॉर्न जातीच्या कोवळ्या कोंबड्यांना दोन-तीन महिने रोज एका कीटकनाशकाची सुई टोचली होती. ते कीटकनाशक म्हणजे डीडीटी. कोंबडे मेले नाहीत. आजारी पडल्यासारखेही दिसेनात. पण त्यांना धड तुरा फुटला नाही! चोचीखालचे पदरही खुरटलेले राहिले. बघणाऱ्याला वाटावं, या तलंगाच आहेत. त्यांची वृषणं तपासली तर ती नेहमीच्या आकाराच्या पाचव्या हिश्शाएवढीसुद्धा भरली नव्हती.

आता गंमत बघा. डीडीटी किड्यांना मारतं ते त्यांच्या मज्जातंतूंवर हल्ला करून. पॉल म्युलर या स्विस शास्त्रज्ञानं १९३९ मध्ये त्याची ही ताकद ओळखली आणि १९४८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. तुऱ्याशी, कोंबड्याशी, हार्मोनशी डीडीटीचा काही संबंध असेल, असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. सिरॅक्यूजच्या त्या दोघांना मात्र शंका आली, की हा पदार्थ कोंबड्याच्या शरीरात इस्ट्रोजेनसारखा वागतोय.

इस्ट्रोजेन हे मुख्यतः मादीच्या शरीरातलं हार्मोन. मुलगी मोठी होते, पक्षिणीच्या पोटात अंडी तयार होतात, ते याच्या सांगण्यावरून. थोडं इस्ट्रोजेन मुलग्यांच्याही शरीरात असतं आणि तिथेही त्याला काम असतं. मात्र हे हार्मोन अगदी कणभर पुरतं. एका ग्रॅमचे एक कोटी भाग करा. त्यातला एखाददुसरा भाग मोठ्या बाईच्या एक लिटर रक्तात सापडेल. एवढ्याशानं सगळा कारभार चालतो!

तो कसा चालतो, हे शोधायला शिकागो विद्यापीठातल्या एल्वुड जेन्सन यांनी १९५८ च्या सुमारास एक युक्ती केली. त्यांनी किरणोत्सारी इस्ट्रोजेन बनवलं, म्हणजे ते शरीरात कुठे कुठे जातं याचा माग काढता येईल. ते उंदरांना दिलं. रक्तातून ते सगळीकडे फिरलं, पण साठून राहिलं ते गर्भाशयासारख्या मोजक्या जागी. कारण त्या जागांच्या पेशींत इस्ट्रोजेनला धरून ठेवणारं एक प्रथिन होतं. त्याला म्हणतात रिसेप्टर. ज्या पेशीत हा रिसेप्टर आहे, तिलाच इस्ट्रोजेनचा निरोप कळतो. बाकीच्या पेशींजवळून इस्ट्रोजेन नुसतं वाहत जातं.

रिसेप्टर किती महत्त्वाचा, याची एक खरी हकिकत १९९४ साली वैद्यकीय मासिकात छापून आली. एक २८ वर्षांचा माणूस होता. उंची २०४ सेंटिमीटर, आणि तरीही तो अजून वाढतच होता! हाडांची वाढ थांबवायचा निरोप इस्ट्रोजेन देतं, मुलांनाही आणि मुलींनाही. या माणसाच्या रक्तात इस्ट्रोजेन भरपूर होतं. बिघडला होता तो रिसेप्टर. निरोप रोज येत होता आणि घेणारं कुणी नव्हतं.

रिसेप्टर म्हणजे कुलूप आणि हार्मोन म्हणजे किल्ली, असं समजा. किल्ली बसली की कुलूप उघडतं. मग तो रिसेप्टर पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएला ठरावीक जागी चिकटतो आणि तिथली जनुकं चालू करतो. आता कुलूप कधी विचारतं का, की किल्ली कुणाच्या हातात आहे? त्याला कळतो फक्त खाचांचा आकार. आणि इस्ट्रोजेनचं कुलूप तर चांगलंच ढिलं निघालं. १९९७ मध्ये ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांच्या मदतीनं त्याची आतली रचना पाहिली. इस्ट्रोजेनचा रेणू जिथे बसतो, ती पोकळी त्या रेणूच्या जवळजवळ दुप्पट मोठी आहे! म्हणून भलतेच रेणूही तिथे शिरू शकतात. अंगापिंडानं साधारण तेवढे हवेत आणि योग्य जागा पकडता आली पाहिजे, बस्स.

डीडीटीचंच बघा. कारखान्यात बनणारं डीडीटी म्हणजे एकाच रेणूचा ढीग नसतो, ते मिश्रण असतं. त्यातला मोठा हिस्सा किडे मारणाऱ्या रेणूचा. पण साधारण १५ टक्के भाग त्याच्या भावंडाचा असतो. दोघांत अणू तेच आणि तितकेच, फक्त एका क्लोरीनच्या अणूनं जागा बदललेली. तेवढ्या बदलानं हे भावंड इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरमध्ये जास्त चांगलं बसतं.

मेथॉक्सिक्लोर नावाच्या कीटकनाशकाची तऱ्हा आणखी वेगळी. ते स्वतः रिसेप्टरला फारसं धरत नाही. पण यकृत त्याला विष समजून मोडायला जातं, आणि त्या मोडतोडीतून जो रेणू तयार होतो, तो मात्र रिसेप्टरमध्ये झकास बसतो. आपलंच यकृत, आपल्याला वाचवायला धडपडणारं, नकळत नकली किल्ली घडवून देतं! मला ही सगळ्या गोष्टीतली सर्वांत चकित करणारी बाब वाटते.

असे नकली रेणू ओळखायची एक चाचणी अमेरिकेत, टफ्ट्स विद्यापीठात सापडली, आणि तीही एका घोटाळ्यातून. अ‍ॅना सोटो आणि कार्लोस सोनेनशाइन हे शास्त्रज्ञ काचेच्या बशीत मानवी पेशी वाढवत होते. त्या पेशी इस्ट्रोजेन मिळालं तरच भराभर वाढायच्या. एकदा इस्ट्रोजेन न घालताच त्या वाढू लागल्या. कुणी चुकून घातलं का? भांडी नीट धुतली नाहीत का? खूप शोधाशोध झाल्यावर चोर सापडला: प्लास्टिकच्या नळ्या! बनवणाऱ्यांनी प्लास्टिक बदललं होतं आणि त्यातून नॉनिलफेनॉल नावाचा पदार्थ झिरपत होता. फवाऱ्याचे थेंब पानावर नीट पसरावेत म्हणून औषधात, म्हणजे कीटकनाशकात, जे मिसळतात, शेतकरी ज्याला ‘स्टिकर’ म्हणतात, त्यातल्या काहींमध्येही याच कुळातले पदार्थ असतात.

मग सोटोबाईंनी याच पेशींना कामाला लावलं. एकेक कीटकनाशक घालायचं आणि पेशी वाढतात का ते बघायचं. १९९४ साली त्यांनी जाहीर केलं, की एंडोसल्फान, टॉक्झाफीन आणि डिलड्रिन ही तीन कीटकनाशकं इस्ट्रोजेनची नक्कल करतात.

ही झाली बशीतली गोष्ट. उघड्या रानात काय होतं? त्यासाठी फ्लोरिडातल्या अपॉप्का तळ्यावर जावं लागेल. तिथे अ‍ॅलिगेटर राहतात. ते आपल्या मगरीचे नातलग. १९८० साली तळ्याजवळच्या एका रासायनिक कारखान्यातून डायकोफॉल हे कीटकनाशक सांडलं. त्यात डीडीटीही मिसळलेलं होतं. आजूबाजूच्या शेतांतली औषधंही वाहून तळ्यात येतच होती. पुढच्या काही वर्षांत तिथली अ‍ॅलिगेटरची पिल्लं सुमारे ९० टक्क्यांनी कमी झाली.

फ्लोरिडा विद्यापीठातले लुई गिलेट तिथे गेले. त्यांनी अंडी तपासली, सहा महिन्यांच्या पिल्लांचं रक्त तपासलं आणि वुड्रफ नावाच्या स्वच्छ तळ्यातल्या पिल्लांशी ताडून पाहिलं. अपॉप्काच्या मादी पिल्लांत इस्ट्रोजेन जवळपास दुप्पट भरलं. नर पिल्लांत टेस्टोस्टेरॉन एक-तृतीयांशाहूनही कमी, म्हणजे निरोगी मादीत असतं साधारण तेवढंच! कित्येक अंड्यांतून तर पिल्लू बाहेरच आलं नाही.

अंड्याची वेळ फार नाजूक असते. अ‍ॅलिगेटरच्या घरट्यात ३३ अंशांच्या आसपास उष्णता असली तर नर जन्मतात, ३० अंशांना माद्या. (रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांचंही उष्णतेवरच ठरतं, फक्त तिथे जास्त तापलेल्या वाळूत माद्या होतात.) पण नर होणार असलेल्या अ‍ॅलिगेटरच्या अंड्याला वरून इस्ट्रोजेन लावलं, तर आतून मादी बाहेर येते. आईच्या चरबीत साठलेलं कीटकनाशक अंड्याच्या बलकात उतरतं आणि नेमकं याच दिवसांत पिल्लाच्या पेशींना चुकीचा निरोप मिळतो. मोठ्या प्राण्यात जो गोंधळ काही दिवसांत निस्तरला असता, तो इथे जन्मभर राहू शकतो.

कुलपाशी खेळ करायची आणखी एक रीत आहे, तीही इथेच सांगतो. चुकीची किल्ली आत शिरते, फिरत नाही, पण अडकून बसते. मग खरी किल्ली घालणार कुठे? डीडीटी शरीरात मोडून डीडीई नावाचा पदार्थ होतो. विल्यम केल्से आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवलं, की हा डीडीई टेस्टोस्टेरॉनचा रिसेप्टर असा अडवून धरतो. नर पिल्लाला टेस्टोस्टेरॉनचा निरोप पोचतच नाही.

‘मग औषध फवारलेलं सफरचंद खाल्लं तर आमचं काय होणार?’ असं मनात आलं असेल. तर घाबरू नका. हे नकली रेणू अस्सल इस्ट्रोजेनपेक्षा हजारपट किंवा त्याहूनही दुबळे असतात, आणि नकली रेणू काही फक्त कारखान्यातच बनतात असं नाही. सोयाबीनमध्येही इस्ट्रोजेनची नक्कल करणारे रेणू असतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९४० च्या दशकात असेच रेणू असलेला एका जातीचा क्लोव्हर चारा खाऊन खाऊन मेंढ्यांना कोकरं होईनाशी झाली होती. पण सोयाबीनमधले रेणू शरीर एक-दोन दिवसांत बाहेर टाकतं. डीडीटी चरबीत जाऊन बसतं ते वर्षानुवर्षं. रोज थोडं थोडं साठत जातं, आणि एकाच्या जोडीला दुसरं औषध, तिसरं औषध असं होत गेलं, तर दुबळ्यांचीही ताकद वाढते. म्हणून फळं-भाज्या जरूर खा, वाहत्या पाण्याखाली चांगल्या चोळून धुवून खा. काळजी करायची ती पोटातल्या बाळांची आणि रोज औषध हाताळणाऱ्या माणसांची.

आपल्या देशात १९८९ साली शेतीसाठी डीडीटी वापरायला बंदी झाली. डासांविरुद्ध मात्र ते पुढेही वापरात राहिलं, आणि आपल्या रायगड जिल्ह्यातल्या रसायनीला ते बनतही असे. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये बंदी घातली.

औषधाच्या डब्यावर एक चौकोन असतो, टोकावर उभा केलेला. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग दिसतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, हिरवा म्हणजे सर्वांत सौम्य. पण हा रंग ठरतो तो पोटात किंवा अंगावर गेल्यावर औषध किती लवकर जिवावर उठतं, यावरून. हार्मोनची नक्कल त्याला करता येते का, हे त्या रंगावरून कळत नाही. सिरॅक्यूजचे ते कोंबडे तर अगदी धडधाकट दिसत होते! माझं स्पष्ट मत आहे, की प्रत्येक कीटकनाशकाची ही दुसरी परीक्षाही झालीच पाहिजे आणि तिचा निकाल डब्यावर छापला पाहिजे. अमेरिकेत १९९६ च्या कायद्यानं अशी तपासणी करायला सांगितलं. युरोपीय संघानं २०१८ मध्ये त्याचे निकष ठरवले.

तोवर तुम्ही एवढं कराच. घरच्या किंवा शेजारच्या शेतात औषध मारत असतील, तर तिकडे खेळायला जाऊ नका. पंप पाठीवर घेणाऱ्या बाबांना, काकांना, आजोबांना हातमोजे आणि तोंडाला फडकं घ्यायची आठवण करा, आणि घरी आल्यावर आधी आंघोळ करायला सांगा. फवारणीचे कपडे बाकीच्या कपड्यांत भिजवू देऊ नका. घरात कुणी बाळंत होणार असेल, तर औषध कालवायचं काम तिच्याकडे अजिबात नको. आणि औषधाचा रिकामा डबा कितीही स्वच्छ धुतलेला दिसला, तरी त्यात पाणी, दूध, धान्य काहीही भरू नका. मोठ्यांना सांगून त्याला भोकं पाडायला लावा, म्हणजे तो पुन्हा कुणीच वापरणार नाही.