रोजा न ठेवलेली सूनबाई

रमजानच्या या पानावर दरवर्षी रोजा ठेवणाऱ्यांबद्दल लिहिलं जातं. सहेरीला उठणारी मुलं, तराबीहची गर्दी, इफ्तारीच्या खजुरा आणि भजी, शेवटी शीरखुर्मा. आज मात्र या महिन्यात एकही रोजा न ठेवलेल्या एका बाईबद्दल लिहिते आहे. तिने परवानगी दिली, अट एकच घातली की नाव यायला नको. म्हणून तिला सलमा म्हणू या आणि तिच्या नवऱ्याला युनूस.

सलमा ही माझी जुनी विद्यार्थिनी. बी.ए. झाली आणि त्याच वर्षी लग्न होऊन बार्शीला गेली. युनूसचं गेट-ग्रील बनवण्याचं छोटं दुकान आहे. घरात सासू, धाकटा दीर आणि त्याची बायको. लग्नाला नऊ वर्षं झाली. धाकट्या जावेला दोन मुलं झाली, सलमाची कूस मात्र रिकामीच राहिली.

पहिली पाच वर्षं फक्त तिच्याच तपासण्या झाल्या. सोनोग्राफी, रक्तातली हार्मोन्स, गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते पाहणारा एक्स-रे, मग दुर्बिणीतून तपासणी. सगळे रिपोर्ट ठीक. तरी घरातलं बोलणं तिलाच. सासूबाई तिला दर्ग्यांवर घेऊन गेल्या, दोरे बांधले, कुणी सांगितलेला काढा पाजला. युनूसची तपासणी कुणाला सुचलीच नाही. शेवटी सोलापूरच्या एका डॉक्टर बाईंनी स्पष्ट सांगितलं, "यांचा रिपोर्ट आणा, मगच पुढं बोलू."

रिपोर्ट आला. एका मिलिलिटर वीर्यात शुक्राणू साधारण दीड कोटीच्या वर असावेत अशी अपेक्षा असते. युनूसचे दहा लाखही भरले नाहीत. परतीच्या एसटीत तो एकच वाक्य बोलला, "अम्मीला सांगू नकोस." सलमा तीन वर्षं गप्प राहिली. या तीन वर्षांत सासूबाईंनी दोनदा दुसऱ्या निकाहचा विषय काढला. दोन्ही वेळा युनूस उठून दुकानात निघून गेला आणि सलमा भांडी घासत राहिली.

ही एका घराची गोष्ट नाही आणि एका धर्माचीही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितलं की जगात सुमारे सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरं जावं लागतं. अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाच्या बाजूचं कारण असतं, एकट्याचं किंवा दोघांचं मिळून. तरी आपल्याकडे 'वांझ' हा शब्द बाईसाठीच राखून ठेवलेला. उर्दूत 'बांझ' म्हणतात. दोन्ही भाषा शिकलेल्या मला या दोन शब्दांत काडीचा फरक दिसत नाही. पुरुषासाठी रोजच्या बोलण्यात असा शब्द दोन्ही भाषांत नाही, यातच सगळं आलं.

डॉक्टरांनी आधी साधे उपाय सांगितले. युनूसला दिवसाला आठ-दहा माव्याच्या पुड्या लागायच्या. तंबाखूमुळे शुक्राणूंवर परिणाम होतो हे ऐकल्यावर त्याने मावा सोडला. औषधं घेतली. आकडा थोडा वाढला, पण पुरेसा नाही. मग इक्सी सुचवली गेली. यात बाईची बीजांडं बाहेर काढतात आणि प्रत्येक बीजांडात एकच शुक्राणू अतिशय बारीक सुईने सोडतात. शुक्राणू कमी असले तरी चालतं, कारण लाखोंची गरजच उरत नाही. थोडे चांगले मिळाले तरी पुरतात.

त्याच आठवड्यात सलमाचा मला फोन आला. "मॅडम, हे आपल्यात चालतं का?"

मी भाषा शिकवणारी बाई, मुफ्ती नाही. पण हा प्रश्न नवा नाही, एवढं मला माहीत होतं. १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊन जन्मली, त्याच वर्षी ऑक्टोबरात कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींच्या प्रयत्नांतून 'दुर्गा' जन्मली. दोनच वर्षांत, १९८० साली, इजिप्तमध्ये यावर फतवा निघाला. १९८६ मध्ये मुस्लिम देशांच्या फिकह अकादमीने अम्मानच्या बैठकीत हाच विचार पुढे नेला. सार असं : नवरा-बायकोचंच बीज असेल, निकाह कायम असेल आणि त्यात तिसऱ्या कुणाचा भाग नसेल, तर गरजेपोटी हा उपचार घेता येतो. त्याच १९८६ च्या ऑगस्टमध्ये आपल्या मुंबईत, के.ई.एम. रुग्णालयात, डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षा चावडा जन्माला आली. म्हणजे विज्ञान जिथं पोचलं, तिथं धर्माचे जाणकारही फार मागे नव्हते. मागे राहिली ती गल्लीतली कुजबुज.

तरी मी तिला म्हटलं, मुफ्तीसाहेबांना दोघांनी मिळून विचारा. त्यांनी ऐकून घेतलं आणि परवानगी दिली. वर एक गोष्ट बजावली, नमुन्यांची अदलाबदल होणार नाही याची खात्री करून घ्या. सलमा म्हणाली, "डॉक्टर बाई पण हेच म्हणत होत्या मॅडम. प्रत्येक डबीवर दोघांची नावं, दोन-दोन माणसं तपासतात."

पैशाचा प्रश्न होताच. एका खेपेला औषधांसकट पावणेदोन लाखांच्या आसपास खर्च. सलमाने भिशी उचलली, दोन बांगड्या मोडल्या. युनूसने दुकानाचं नवं वेल्डिंग मशीन लांबणीवर टाकलं. घरी सांगितलं की मशीनसाठीच पैसे जमवतोय. 'टेस्ट ट्यूब' म्हटलं की लोक 'कुणाचं मूल आहे कोण जाणे' असं म्हणतात, ही भीती दोघांनाही होती.

सप्टेंबरात, गणपतीच्या दिवसांत, इंजेक्शनं सुरू झाली. रोज एक, पोटात, दहा-अकरा दिवस. ही औषधं दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागतात. घरचा फ्रिज सासूबाईंच्या स्वयंपाकघरात. मग ती शेजारच्या काकूंकडे गेली. काकू लिंगायत, घरात अंडंही येत नाही. त्यांनी डबी हातात घेतली, एकच विचारलं, "थंडच ठेवायची ना, बर्फात नाही?" आणि गौरीच्या फराळाच्या डब्यांमागे ठेवून दिली. सलमा रोज संध्याकाळी साडीला फॉल-पिको करायच्या निमित्ताने काकूंकडे जायची आणि स्वतःच्या हाताने सुई टोचून घ्यायची.

नऊ बीजांडं मिळाली. पाचांत गर्भ धरला. पाचव्या दिवसापर्यंत तीन टिकले. ते द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर गोठवून ठेवले. दिवाळीच्या सुट्टीत पहिला गर्भ गर्भाशयात सोडला. बाराव्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला : नाही. त्या रात्री काकूंकडे ती रडली, कारण स्वतःच्या घरात रडायचं कारण सांगता आलं नसतं.

हे इथं मुद्दाम लिहिते. या उपचाराच्या जाहिरातींत फक्त हसरी बाळं असतात. एका खेपेला यश येईलच असं कुणी प्रामाणिक डॉक्टर सांगत नाही. बाईचं वय वाढतं तशी शक्यता घटते. आपल्याकडे २०२१ पासून यासाठी कायदा आहे, केंद्राची नोंदणी सक्तीची आहे, ते नोंदणीपत्र मागून पाहावं. आणि गर्भाचं लिंग सांगणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, उपचार कितीही महागडा असला तरी.

दुसरा गर्भ या फेब्रुवारीत सोडला. बारावा दिवस उजाडला तो नेमका चांदरातीचा. गल्लीत पोरं गच्चीवर चढून चंद्र शोधत होती आणि युनूस दुकानात मोबाईल हातात धरून बसला होता. रिपोर्टमध्ये आकडा होता १८६. म्हणजे होय. पण दोन दिवसांनी पुन्हा रक्त द्यायचं होतं, कारण आकडा वाढायला हवा. दुसऱ्या रोज्याला तो ४१० झाला.

डॉक्टरांनी रोजा ठेवू नको म्हणून सांगितलं. हार्मोनच्या गोळ्या ठरल्या वेळी घ्यायच्या होत्या, मळमळ सुरू झाली होती, पाणी भरपूर प्यायचं होतं. माझे हिंदू वाचक विचारतील, मग अडचण कसली? धर्मात तर सवलत आहेच. खरंच आहे. आजारी आणि प्रवासी यांना रोजा पुढे ढकलण्याची सूट कुरआनातच आहे. पोटुशीला आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाची काळजी असेल तर सूट आहे. सुटलेले रोजे नंतर भरून काढायचे, त्याला कजा म्हणतात. अडचण धर्माची नव्हतीच. रोजा का नाही, हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

म्हणून सलमा सगळ्यांबरोबर सहेरीला उठायची. दिवसभर घरात पाण्याचा घोटही घ्यायची नाही. अकरा वाजता काकूंकडे जायची. काकू भाकरी, मेथी आणि दही वाढायच्या आणि स्वतः दारात बसायच्या, कुणी आलं तर कळावं म्हणून.

आठव्या रोज्याला सासूबाई कोथिंबीर मागायला आल्या. काकू तेवढ्यापुरत्या मागच्या अंगणात गेल्या होत्या. सासूबाईंनी सलमाला ताटावर बसलेली पाहिलं. काही न बोलता परत गेल्या.

इफ्तारीला दस्तरख्वानावर सगळे बसले. अजान झाली. सासूबाईंनी खजूर तोंडात टाकली, पाणी प्याल्या आणि म्हणाल्या, "या घरात आता चोरून खायची पाळी आली." सलमाने मान खाली घातली. तेव्हा युनूस बोलला. मला हे सलमाने सांगितलं, पण सांगताना तिचा आवाज इतका हळू होता की मला दोनदा विचारावं लागलं.

तो म्हणाला, "अम्मी, रोजा मी सोडायला सांगितला. तिला दिवस गेलेत. आणि इतकी वर्षं दोष तिच्यात नव्हता, माझ्यात होता. मला तीन वर्षं माहीत आहे. तिने माझ्यासाठी ऐकून घेतलं."

कुणीच काही बोललं नाही. धाकटी जाऊ मुलांना घेऊन आत गेली. सासूबाई मगरिबच्या नमाजीला उठल्या. त्या दिवशी मुसल्यावर फार वेळ बसून राहिल्या. रात्री त्यांनी युनूसला एकच विचारलं, "बच्चा तुम दोनों का ही है ना?" युनूसने मुफ्तीसाहेबांचं सांगितलं, डबीवरच्या नावांचं सांगितलं. त्या "हं" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सलमा चप्पल घालत होती. सासूबाई स्वयंपाकघरातून ताट घेऊन आल्या. डाळ, भात, एक उकडलेलं अंडं. स्वतःच्या तोंडाला सहेरीनंतर पाणी नाही. म्हणाल्या, "कहाँ जाती? बैठ. पहले खा ले." सलमाला घास उतरेना. सासूबाई समोर बसून राहिल्या, ताट रिकामं होईपर्यंत. माफी मागितली नाही. आपल्या आयांना माफी मागता येत नाही, त्या वाढतात.

संतती हा विषय आपल्या सगळ्यांच्या कथांत आहे. कुरआनात पांढऱ्या केसांचे जकरिया नबी हळू आवाजात वारस मागतात. सारा म्हातारपणी आई होते. दशरथ राजा यज्ञ करतो. कुरआनात असंही सांगितलं आहे की अल्लाह कुणाला मुली देतो, कुणाला मुलगे, कुणाला दोन्ही आणि कुणाला काहीच नाही. त्यात मुलींचा उल्लेख आधी आहे. आणि ज्यांना मूल नाही त्यांच्यावर दोष ठेवलेला नाही. ज्यांचे उपचार यशस्वी झाले नाहीत, असे वाचकही हे पान वाचत असतील. त्यांची प्रार्थना कमी पडली, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

विसाव्या रोज्याला सोलापूरला सोनोग्राफी झाली. सातवा आठवडा. या वेळी सासूबाईही एसटीत होत्या. डॉक्टर बाईंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं काहीतरी आणि त्यात लुकलुकणारा एक ठिपका. मिनिटाला १३० ठोके. सासूबाईंनी विचारलं, "हे काय हलतंय?" डॉक्टर म्हणाल्या, "आजी, ते हृदय."

अजून बराच रस्ता बाकी आहे. पहिले तीन महिने नाजूक असतात, ते सलमालाही ठाऊक आहे. ईदला कुणाला सांगायचं नाही असं ठरलंय. काकूंना अर्थात माहीत आहे. त्यांच्या फ्रिजमध्ये आता काही ठेवायचं नाही, तरी सलमा अकरा वाजता तिकडे चक्कर मारतेच.

परवा तिने भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो पाठवला. सासूबाईंनी सलमाच्या सुटलेल्या प्रत्येक रोज्यापुढे पेन्सिलने एक रेघ मारली आहे, विसरू नये म्हणून. बाळ मोठं झालं की हे रोजे भरून काढायचे आहेत. त्यांनी सुनेला सांगितलंय, "अकेली मत रखना. मैं भी रखूँगी तेरे साथ."