टपालापासून पडद्यापर्यंत : उच्च शिक्षणातील मिश्र अध्यापनाचा मागोवा

मिश्र अध्यापनात अभ्यासक्रमाचा काही भाग ऑनलाइन आणि काही भाग समोरासमोर शिकवला जातो, आणि हे दोन्ही भाग एकमेकांना धरून आखलेले असतात. विद्यार्थी घरी ध्वनिचित्रफीत पाहून आला आणि प्राध्यापकांनी वर्गात तेच व्याख्यान पुन्हा दिले, तर माध्यमे दोन वापरली गेली, पण त्यांचा मेळ बसला नाही. भारतीय विद्यापीठांमध्ये या पद्धतीची चर्चा २०२० नंतर जोरात सुरू झाली. तिच्यामागची खटपट मात्र साठ वर्षांची आहे. त्या खटपटीतली काही पावले दिल्लीत पडली, काही नाशिक-मुंबईत.

दिल्लीतला कस्तुरबा गांधी मार्ग, म्हणजे जुना कर्झन रोड, कॅनॉट प्लेसहून इंडिया गेटकडे जातो. भारतीय विद्या भवन, मॅक्स म्युलर भवन, अमेरिकन सेंटर आणि चार्ल्स कोरिया यांनी आराखडा केलेली ब्रिटिश कौन्सिलची इमारतही इथेच आहे. या मार्गाला छेदणाऱ्या फिरोजशाह रोडवर विद्यापीठ अनुदान आयोगाचा दूरशिक्षण विभाग आहे. पुढे मंडी हाउसला दूरदर्शन आणि बहादूरशाह जफर मार्गावर आयोगाचे मुख्यालय. धोरण, प्रसारण आणि प्रत्यक्ष वर्ग अशी तिन्ही अंगे या एवढ्याशा परिसरात एकवटली आहेत.

सुरुवात टपालाने झाली. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनंतर दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्राद्वारे शिक्षण सुरू केले. देशातला हा पहिलाच प्रयोग होता. नोकरी करणाऱ्या, घरातून बाहेर पडू न शकणाऱ्या विद्यार्थ्यांना छापील पाठ घरपोच मिळत. त्याला जोड होती संपर्कवर्गांची : सुट्टीच्या दिवसांत प्राध्यापक समोर बसून शंका सोडवत. एक भाग दुरून आणि एक भाग समोरून, ही रचना तेव्हाच ठरली. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये हीच वाट धरली. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला १९६९ मध्ये सनद मिळाली. तिथेही दूरचित्रवाणीवरील पाठांबरोबर स्थानिक मार्गदर्शक आणि उन्हाळी निवासी वर्ग ठेवलेले होते.

पुढचे माध्यम दूरचित्रवाणीचे. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम उपग्रहाच्या मदतीने दूरदर्शनवर दिसू लागला. त्यासाठी विद्यापीठांमध्ये निर्मिती केंद्रे उभी राहिली. पुणे विद्यापीठाचे केंद्र त्यांतल्या पहिल्या काहींपैकी होते. कार्यक्रम मेहनतीने केलेले होते, पण ते कोणत्याही एका अभ्यासक्रमाला बांधलेले नव्हते. महाविद्यालयाच्या वेळापत्रकात त्यांना जागा नव्हती आणि पाहून झाल्यावर प्रश्न विचारायचा तो कुणाला, हेही ठरलेले नव्हते. माध्यम देशभर पोचले, पण समोरचा वर्ग त्याला जोडला गेला नाही.

ही जोडणी मुक्त विद्यापीठांनी केली. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये स्थापन झाले. १९८७ मध्ये दोन पदविका अभ्यासक्रम आणि ४,५२८ विद्यार्थी घेऊन त्याचे शिक्षणकार्य सुरू झाले. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेतलेल्या या विद्यापीठाने गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे काढली. स्वयं-अध्ययनाची पुस्तके मराठीतून तयार केली आणि प्रत्येक केंद्रावर समंत्रक नेमले. समंत्रकाने व्याख्यान द्यायचे नसते. विद्यार्थी पुस्तक वाचून येतो आणि अडलेल्या जागी समंत्रक त्याला हात देतो. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ताकवले दिल्लीला इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे कुलगुरू झाले. नाशिकचा अनुभव असा राष्ट्रीय पातळीवर गेला.

या व्यवस्थेचा कणा होता स्वाध्याय. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या बहुतेक अभ्यासक्रमांत त्याला सुमारे ३० टक्के गुण आणि सत्रान्त परीक्षेला ७० टक्के. तपासणाऱ्याने नुसता आकडा टाकून चालत नाही. समासात जागोजागी शेरे लिहायचे, शेवटी एकूण अभिप्राय द्यायचा आणि वही विद्यार्थ्याकडे परत पाठवायची, अशी अपेक्षा असते. कारखान्यातली पाळी संपवून रात्री उत्तरे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याशी शिक्षकाचा खरा संवाद त्या समासातच होई. वही वेळेवर तपासून परत आली, तर दूरशिक्षण माणसाच्या जवळ येई. ती केंद्रावर पडून राहिली, तर उरत ते फक्त छापील गठ्ठे.

नव्वदच्या दशकात दूरसंवाद परिषदा आल्या. दिल्लीच्या स्टुडिओतून चित्र केंद्रांवर दिसे आणि केंद्रावरचे विद्यार्थी दूरध्वनीवरून प्रश्न विचारत. २००० मध्ये ‘ज्ञानदर्शन’ वाहिनी सुरू झाली आणि सप्टेंबर २००४ मध्ये केवळ शिक्षणासाठीचा एज्युसॅट उपग्रह अवकाशात गेला. महाराष्ट्रात २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने, म्हणजे एमकेसीएलने, एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमासाठी संगणकावरचे पाठ आणि जवळच्या केंद्रावरचा मार्गदर्शक अशी सांगड घातली. ती तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली.

समोरासमोरचा भाग किती विचाराने बांधावा लागतो, हे आयआयटी मुंबईच्या कामात दिसले. प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने अभियांत्रिकीच्या हजारो शिक्षकांसाठी दूरस्थ कार्यशाळा झाल्या. मुख्य कार्यशाळेआधी केंद्रांचे समन्वयक मुंबईत येऊन तयारी करून जात. कार्यशाळेच्या दिवशी पवईहून व्याख्यान थेट दिसे, केंद्रावरून उलट प्रश्न विचारता येत आणि प्रयोगशाळेचे काम स्थानिक समन्वयक आपल्याच महाविद्यालयात करून घेत. याच संस्थेत प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या अभ्यासक्रमाच्या शेकडो विद्यार्थ्यांच्या वर्गात एक साधी रीत वापरली गेली : आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग सर्वांसमोर मांडणी. या रीतीवरच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८३ टक्के विद्यार्थी कामात गुंतलेले आढळले. व्याख्यान ध्वनिचित्रफितीवर गेले, तर वर्गातल्या मोकळ्या झालेल्या तासात काय करायचे, या प्रश्नाला हे एक खरे उत्तर होते.

९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयम्’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या राष्ट्रीय मंचाचे उद्घाटन झाले. तिथल्या प्रत्येक अभ्यासक्रमाला चार अंगे असतात : ध्वनिचित्र व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चामंच. अंतिम परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यावी लागते. आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी सत्रातल्या २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रमांचे श्रेयांक या मार्गाने मिळवण्याची मुभा दिली. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्के झाली.

मार्च २०२० च्या टाळेबंदीने समोरासमोरचा भाग एका रात्रीत काढून घेतला. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या आकड्यांनुसार देशातल्या सुमारे २४ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. शहरांत हे प्रमाण ४२ टक्के, तर ग्रामीण भागात १५ टक्के होते. शिकवणे पडद्यावर गेले तेव्हा ही दरी उघडी पडली. दिल्ली विद्यापीठाने ऑगस्टमध्ये पुस्तक उघडे ठेवून परीक्षा घेतल्या. विद्यार्थी कागदावर उत्तरे लिहून त्यांची छायाचित्रे अपलोड करत होते. महाराष्ट्राला अंतिम वर्षाच्या परीक्षा नको होत्या, पण २८ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेविना पदवी देता येणार नाही असे ठरवले. हा काळ निकडीच्या ऑनलाइन अध्यापनाचा होता. त्याला मिश्र अध्यापन म्हणता येत नाही आणि त्यावरून या पद्धतीची परीक्षा करणेही योग्य नाही.

जुलै २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मिश्र पद्धतीची दखल घेतली. मे २०२१ मध्ये आयोगाने तिचा मसुदा खुला केला : अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन, उरलेला वर्गात. दिल्लीच्या प्राध्यापक संघटनांनी कार्यभार आणि डिजिटल विषमता हे मुद्दे पुढे करून त्याला विरोध केला. आक्षेपात तथ्य होते. आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवावे लागते. पाठ ध्वनिमुद्रित करणे, चर्चामंचावर उत्तरे देणे, स्वाध्यायांवर अभिप्राय लिहिणे हे काम त्या तासांत धरायचे की त्यावर वेगळे लादायचे, यावर पद्धतीचे यश अवलंबून असते. दिल्ली विद्यापीठाचे वर्ग १७ फेब्रुवारी २०२२ पासून पुन्हा भरू लागले. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ब्रिटिश कौन्सिल आणि मॅक्स म्युलर भवनाचे भाषावर्गही पडद्यावरून खोल्यांत परतले, पण ऑनलाइन तुकड्या कायम राहिल्या. दूरवर राहणाऱ्याला त्यांची सोय होते, तर बोलण्याचा सराव समोर बसून अधिक मोकळा होतो.

अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २००९ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. मिश्र वर्गांतले विद्यार्थी केवळ समोरासमोर शिकणाऱ्यांपेक्षा सरस ठरले, असे त्यात दिसले. त्याच आढाव्यात हेही नोंदले होते की मिश्र वर्गांना अनेकदा जास्त वेळ आणि जास्त साहित्य मिळाले होते. श्रेय एकट्या माध्यमाला देता येत नाही.

भारतातल्या साठ वर्षांतूनही हेच निघते. टपाल, दूरचित्रवाणी, उपग्रह आणि इंटरनेट यांपैकी प्रत्येक माध्यमाने विद्यार्थ्यापर्यंत पोचण्याचा पल्ला वाढवला. शिकणे पक्के झाले ते जिथे समंत्रक, समन्वयक किंवा वर्गातली आखलेली चर्चा त्या माध्यमाला जोडलेली होती तिथे. ऑनलाइन भाग ४० टक्के ठेवायचा की २०, हा दुय्यम प्रश्न आहे. समोरासमोरच्या तासात काय करायचे हे आधी ठरवणे, शिक्षकाच्या कामाचा वेळ मोजणे, ज्याच्याकडे साधन नाही त्याला केंद्रावर ते देणे आणि स्वाध्याय शेऱ्यांसह वेळेवर परत करणे, या चार गोष्टी सांभाळणाऱ्या महाविद्यालयाला मिश्र अध्यापन आजही पेलते.