बुडालेल्या गुहांमधले जीव टिपताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाच्या उत्तर भागात जमिनीवर नदी जवळजवळ दिसतच नाही. पाऊस चुनखडकात मुरतो आणि खालच्या गुहांमधून समुद्राकडे वाहत जातो. जिथे गुहेचं छत कोसळलं, तिथे विहिरीसारखे डोह उघडे पडले. त्यांना सेनोटे म्हणतात. या डोहांतून आत शिरून काढलेली छायाचित्रं पाहताना मनात काही समज घर करतात. ते तपासून पाहायला हवेत.

गैरसमज : काळोख्या पाण्यात जीवसृष्टी नसते.

वस्तुस्थिती : इथे डोळे नसलेले मासे आहेत, रंगहीन कोळंबी आहे आणि रेमिपीड नावाचे, गोमेसारखे दिसणारे कवचधारी प्राणीही आहेत. रेमिपीडचा हा वर्ग १९८१ मध्ये, बहामातल्या एका गुहेतल्या नमुन्यांवरून विज्ञानाला माहीत झाला. युकातानमधला एक रेमिपीड विषारी आहे. कवचधारींमध्ये विष असल्याचं पहिल्यांदा त्याच्यातच सिद्ध झालं. इथल्या माया लोकांच्या पाताळाचं नाव शिबाल्बा, त्यावरून त्याच्या प्रजातीला नाव मिळालं. सूर्यप्रकाश नाही, मग अन्न कुठून येतं? ‘ओश बेल हा’ या गुहासंकुलातल्या २०१७ च्या अभ्यासाने त्याचं एक उत्तर दिलं. वरच्या जंगलाच्या मातीत तयार झालेला मिथेन पाण्याबरोबर खाली झिरपतो, जिवाणू त्यावर जगतात आणि कोळंबी जिवाणूंवर.

गैरसमज : चित्र धूसर आलं, म्हणजे पाणी गढूळ होतं.

वस्तुस्थिती : हे पाणी बहुधा काचेसारखं नितळ असतं. धूसरपणाची कारणं वेगळी आहेत. वर गोडं पाणी आणि खाली समुद्राचं खारं पाणी, असे दोन थर असतात. ते जिथे भेटतात तिथे प्रकाश वेडावाकडा वळतो आणि तापलेल्या डांबरी रस्त्यावर हवा थरथरते तसं सगळं दिसतं. कॅमेरा त्या सीमेच्या थोडा वर किंवा खाली नेला की चित्र पुन्हा स्वच्छ. दुसरं कारण म्हणजे तळाचा साका. पायाचा एक चुकीचा फटका बसला, तर तो उठतो आणि लवकर खाली बसत नाही.

गैरसमज : अंधार आहे, तर जितका मोठा फ्लॅश तितकं चांगलं.

वस्तुस्थिती : घाटातल्या धुक्यात गाडीचा दिवा मोठा केला, तर समोर पांढरा पडदाच उभा राहतो. पाण्यातले कणही तसेच चमकतात. म्हणून फ्लॅश कॅमेऱ्याला चिकटून न ठेवता लांब हातांवर दोन्ही बाजूंना धरतात. रेमिपीड तर जेमतेम काही सेंटिमीटरचा. त्याच्यासाठी झगमगाटापेक्षा अगदी जवळ जाऊन नेमका पाडलेला प्रकाश कामाचा.

गैरसमज : हे जीव आंधळे, त्यामुळे सहज सापडतात.

वस्तुस्थिती : डोळे नाहीत, पण पाण्यातली बारीकशी हालचालही माशांना कळते. घाईने पुढे सरसावणाऱ्या माणसाची लाट त्याच्या आधी पोचते. इथे वाट पाहावी लागते. जिवाला हात लावायचा नाही, खडकाला टेकायचं नाही. युकातानमधल्या आंधळ्या माशांच्या दोन्ही जातींना मेक्सिकोत कायद्याचं संरक्षण आहे.

गैरसमज : समुद्रात पोहण्याचा अनुभव दांडगा असला की पुरे.

वस्तुस्थिती : समुद्रात अडचण आली तर वर येता येतं. इथे डोक्यावर खडक असतो. गुहेतल्या डुबकीचं वेगळं प्रशिक्षण लागतं. बाहेरच्या उजेडापर्यंत अखंड दोर, प्रत्येकाकडे किमान तीन दिवे आणि हवेचा साधा हिशेब : एक तृतीयांश आत जाण्यासाठी, एक तृतीयांश परतीसाठी, उरलेली संकटासाठी. कॅमेऱ्यात गुंतलेल्या माणसाचं हवेच्या काट्याकडे दुर्लक्ष होतं, म्हणून फोटो दुय्यम आणि दोर पहिला.

गैरसमज : ही चित्रं केवळ शोभेची.

वस्तुस्थिती : याच भूजलावर द्वीपकल्पातल्या लोकांची तहान भागते. द्वीपकल्पात बांधलेल्या माया रेल्वेमार्गाचे पोलादी खांब काही गुहांच्या छतातून खाली उतरलेले जगाने पाहिले, ते तिथे शिरलेल्या माणसांनी केलेल्या चित्रणामुळे. जे कोणी पाहिलेलंच नाही, त्याच्या बाजूने कोण बोलणार? पण ती साक्ष देण्यासाठी आत गेलेल्या माणसाने परतताना गुहा होती तशीच ठेवली पाहिजे : साका न उठवता, आणि कोळंबीला तिच्या अंधारात सोडून.